दारातली हराळी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढी माणसे त्या काळी हराळी उपटत होती, त्या सगळ्यांच्या विरुद्ध एकटा एक माणूस हराळी लावत होता, आणि तो माझा साडू होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्काचा, नवरा. बायको त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणत असे. दाजी सव्वीस वर्षे फौजेत काढून सुभेदार म्हणून परत आले आणि गावाकडची जमीन थोरल्या भावाकडेच ठेवून सांगलीत आमच्या शेजारचे घर घेऊन राहिले. घरापुढे मोकळी जागा होती. मी मोजणी खात्यातला माणूस. टेप लावून पाहिली, तर एकतीस फूट लांब आणि बावीस फूट रुंद, म्हणजे सहाशे ब्याऐंशी चौरस फूट. एवढ्या जागेत माणसाने वांगी लावली असती, चार केळी लावल्या असत्या. दाजींनी लॉन केले. लॉन म्हणजे दुसरे काही नाही, आपली हराळीच. ज्या हराळीपायी शेतकऱ्याची कंबर मोडते, तिला दाजी खुरप्याने कुरवाळत, पेंड घालत आणि तिच्यात दुसरे काही उगवले की ते जिवंत सोडत नसत.

याचे मूळ फौजेत होते. भरती झाल्यावर पहिल्याच महिन्यात काहीतरी आगळीक घडली आणि शिक्षा म्हणून त्यांना साहेबांच्या मेससमोरचे गवत निवडायला बसवले. शिक्षा सात दिवसांची होती. आठव्या दिवशी दाजी आपणहून तिथे जाऊन बसले. मेसच्या एका तरुण साहेबाने विचारले, "शिक्षा संपली ना?" दाजी म्हणाले, "माझी संपली साहेब, तणाची न्हाई." तो साहेब पुढे कर्नल झाला आणि दाजी त्याच्या हाताखाली सुभेदार झाले. निरोप घेताना साहेब म्हणाले होते, "सुभेदार, स्वतःचं लॉन कर. तयार झालं की मला कळव. तुझ्या लॉनवर चहा प्यायला येईन." हे वाक्य दाजींनी मला पहिल्या वर्षात किती वेळा सांगितले ते मी मोजत होतो, चाळिसाच्या पुढे मोजणे सोडले. साहेब बेळगावला राहात. दाजी दर सहा महिन्यांनी त्यांना कार्ड लिहीत, आणि प्रत्येक कार्डात एकच मजकूर असे: लॉन अजून तयार नाही.

ते तयार होत नव्हते, कारण तण. सकाळी साडेपाचला दाजी हाफपँट घालून लॉनच्या कडेला उभे राहात आणि आदल्या दिवशी नसलेले काय आज आहे ते पाहात. प्रत्येक तणाला त्यांच्याकडे वेगळा न्याय होता. घोळ, तांदुळजा आणि केना यांना ते उपटून थेट स्वयंपाकघरात पाठवीत. घोळीची भाजी, तांदुळजाची भाजी, केन्याची भजी. "दुश्मनाला मारण्यापरीस कामाला लावावा," असे त्यांचे म्हणणे होते. आक्का म्हणायची, "आमच्याकडे मंडईतली भाजी पाहुणी म्हणून येते." फरशीच्या विटांमधल्या फटीत जे उगवे त्याच्यावर ते उकळते पाणी ओतीत. त्यामुळे सकाळी पहिले आधण चुलीवर चढे ते तणासाठी, आणि चहा दुसऱ्या आधणाचा होई. पाहुणा आला, आत पाणी खळखळताना त्याने ऐकले आणि मग किटली त्याच्यासमोरून बाहेर गेली, असे मी स्वतः तीनदा पाहिले आहे.

खरे वैर होते ते लव्हाळ्याशी. लव्हाळा वरून उपटला की तुटतो आणि खाली त्याच्या गाठी राहतात, एका गाठीला दुसरी, दुसरीला तिसरी. दाजी दिसेल तो लव्हाळा ओल्या पोत्याखाली पंधरा पंधरा दिवस झाकून ठेवीत, म्हणजे ऊन न मिळून तो मरेल. अशा पोत्यावर वीट ठेवलेली असे आणि कुणी विचारले तर उत्तर मिळे, "लव्हाळा क्वार्टर गार्डमधी हाय," म्हणजे फौजेच्या कोठडीत. ज्या गाठी हाताला लागत त्या वाळवून ते आक्काला शिकेकाईत कुटायला देत. पण सहा वर्षे झाली तरी लव्हाळा पोत्याच्या बाजूने डोके काढीतच होता. "ह्याची छावणी खाली हाय मोजणीवाले," दाजी मला म्हणत. मला ते नेहमी मोजणीवालेच म्हणायचे. "वरचं हे नुसतं पहारेकरी."

आणि मग दूर्वांचा नियम. हराळी म्हणजेच दूर्वा, आणि सांगली गणपतीचे गाव. मंगळवारी, चतुर्थीला कॉलनीतल्या बायका दाजींच्या फाटकाशी येत, कारण आजूबाजूला एवढ्या स्वच्छ आणि लुसलुशीत दूर्वा कुठेच नव्हत्या. दाजी कुणाला नाही म्हणत नसत. फक्त एकवीस दूर्वा न्यायच्या तर आधी एकवीस तण उपटायचे, तेही मुळासकट. उपटलेले तण दाजींना दाखवावे लागे. आमच्या समोरच्या काकूंनी एकदा वरचे वरचे शेंडे खुडून ढीग दाखवला.

"काकू, मुळं कुठं हाईत?"

"अहो सुभेदार, देव काय मुळं बघतो का?"

"देव न्हाई बघत काकू. मी बघतो."

काकू पुटपुटत परत खाली बसल्या. पण पुढच्या मंगळवारी घरून खुरपे घेऊन आल्या.

एका वर्षी आषाढात साहेबांचेच कार्ड आले. मिरजेला डोळ्यांचे ऑपरेशन करायला येत आहे, दवाखान्यातून सुटल्यावर बेळगावला परतण्याआधी अमुक तारखेला तुझ्याकडे चहाला येतो, लॉन तयार असो वा नसो. दाजींनी ते कार्ड मला वाचायला दिले आणि मी वाचत असताना ते लॉनकडे पाहात उभे राहिले. मधे सव्वीस दिवस होते. "मोजणीवाले," ते म्हणाले, "माणूस परत कवा मिरजेला येतो न येतो. आता न्हाई तर न्हाईच."

दोनच दिवसांनी वाईला भाचीच्या मुलाचे बारसे होते. आक्का, माझी बायको आणि दाजी असे तिघे गेले. मला रजा नव्हती. जाताना दाजींनी घराची किल्ली आणि लॉन माझ्या ताब्यात दिले. "दोन रात्रींचा प्रश्न हाय," ते म्हणाले. "निस्ती नजर ठिवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दाजींचे थोरले भाऊ माझ्या दारात उभे. आबा. कोरेगावकडच्या गावात ऊस करणारे. दाजी फौजेत असताना सव्वीस वर्षे दोघांच्या वाटणीची जमीन त्यांनी एकट्याने कसली होती. धाकटा भाऊ दर दोन महिन्यांनी गावी जाई, त्यामुळे आबांना सांगलीला यायचे कधी कारण पडले नव्हते. आणि आपण दारात हराळी लावली आहे हे थोरल्या भावाला सांगायची दाजींना, लढाया पाहिलेल्या माणसाला, हिंमत झाली नव्हती. हे मला ठाऊक नव्हते. आबांच्या काखेत भावाच्या दारात लावायला आणलेले आंब्याचे कलम होते. मी चहा दिला, किल्ली दिली आणि दहाच्या कचेरीसाठी सायकल काढली.

"कुदळ हाय का हो तुमच्याकडं?" आबांनी विचारले.

मी कलमाकडे पाहिले आणि कुदळ दिली.

संध्याकाळी सहा वाजता परत आलो तेव्हा आबा लॉनच्या मधोमध उभे होते. लॉन म्हणायचे ते सवयीने. फाटकापासून एकोणीस फूट काळी माती वर आली होती आणि कडेला हराळीचा कमरेइतका ढीग होता; कलम कुंपणाच्या कोपऱ्यात लागले होते. आबांनी कपाळ पुसले आणि हसून म्हणाले, "दमानं काढलीय. मुळापर्यंत. फौजेतल्या माणसाला ह्यातलं काय कळतंय? दारात एवढी हराळी माजली, कुणी सांगितलं न्हाई तुमी त्याला?" ते पुढे सांगत होते, "उंद्या राहिल्याली काढतो."

"उद्या नको आबा," मी म्हणालो. "उद्या... अमावास्या आहे."

अमावास्येला चार दिवस होते. आयुष्यात मी आकड्यांबाबत एवढे एकदाच खोटे बोललो आहे. पण आबांनी ऐकले.

दाजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. मी फाटकाशी वाट पाहात उभा होतो, कारण काय सांगायचे ते दिवसभर ठरवूनही ठरले नव्हते. सांगायची गरज पडली नाही. दाजींच्या हातातली पिशवी तशीच राहिली. आबा ओट्यावरून उतरून पुढे आले आणि त्यांनी दोन्ही तळहात पुढे धरले. कुदळीने फोड आले होते.

"सव्वीस वर्सं परमुलखात राबलास," आबा म्हणाले. "आता घरी आलास तर दारात हराळी. मला बघवंना बाबा. बघ, चार पावलं सोडली तर एक काडी ठिवली न्हाई."

दाजींनी पिशवी खाली ठेवली. वाकून भावाच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "लय केलंस आबा." मग आत जाऊन दोन तांबे पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुंपणापाशी आले. "किती गेली मोजणीवाले?"

"चारशे अठरा चौरस फूट."

"ऱ्हायली?"

"दोनशे चौसष्ट."

"मंग लढाई चालू हाय."

मी म्हणालो, "दाजी, चूक माझी आहे. कुदळ मी दिली. पण तुम्ही त्यांना खरं का सांगत नाही?"

"त्याच्या हाताला सात फोड आल्यात. सांगून त्यातला एक तरी बसणार हाय का?"

पण पेच वेगळाच होता. लॉन परत लावायचे तर उपटलेल्या हराळीची पेरेच लावायची होती, आणि तो ढीग वाळला की पेटवून द्यायचा असे आबांनी ठरवले होते. त्यासाठीच ते दोन दिवस जास्त राहणार होते. त्या वर्षी आषाढात ऊनही कडक पडले होते. तेव्हा मी सकाळी सायकल धुण्याच्या निमित्ताने दोन बादल्या ढिगावर ओतीत असे आणि दुपारी आबांचा डोळा लागला की दाजी दोन बादल्या ओतीत. आबा उठून ढिगात हात घालीत आणि बुचकळ्यात पडत. "आमच्याकडं दोन दिसांत कडकडीत वाळती. सांगलीच्या उन्हात दमच न्हाई रं." शेवटी तिसऱ्या दिवशी उसाच्या काळजीने ते एसटीत बसले आणि खिडकीतून बजावून गेले, "पेटव मातुर. इसरू नगंस. एक पेर ऱ्हायलं तर समदं परत येईल." दाजी म्हणाले, "व्हय आबा." गाडी वळताच ते अक्षरशः पळत घरी आले.

आता एकोणीस दिवस होते. चार चार इंचांवर एक पेर लावायचे म्हटले तर चौरस फुटाला नऊ, म्हणजे एकूण तीन हजार सातशे बासष्ट. आम्ही चौघांनी दोन दिवसांत लावली. हराळी ती, तिला काय लागते? पाचव्या दिवशी कोंब दिसले. आणि आठव्या दिवशी तण दिसले. माती खालची वर झाली होती, कित्येक वर्षे निजलेले बी जागे झाले होते. मी एक चौरस फूट आखून मोजले: घोळ चौदा, तांदुळजा सात, केना चार, लव्हाळा एक. सव्वीस. चारशे अठराने गुणले, दहा हजार आठशे अडुसष्ट. कॉलनीत घरे चौतीस. दूर्वांच्या नियमाने घरटी रोज एकवीस तण धरले तरी पंधरा दिवस लागणार होते आणि हातात अकराच होते. एवढे करून मी संध्याकाळी कचेरीतल्या एका माणसाकडून तण मारायच्या औषधाची बाटली आणली. हराळी तेवढी राहते, बाकीचे जळते, असे त्याने सांगितले होते.

दाजींनी बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली आणि मला परत दिली.

"औषध आजाऱ्याला देत्यात मोजणीवाले. हितं कोण आजारी हाय?"

"दाजी, गणित बसत नाही. साहेब येणार, आणि हाती बाटली असताना—"

"ह्या दूर्वा काकू गणपतीच्या डोक्यावर ठिवत्यात. ही घोळ तुमच्याबी ताटात येती. इख मारून साहेबाला चहा पाजू? त्यापरीस तणात बसून पितील."

बाटली मी परत दिली. दाजींनी काकूंना आणि बाकीच्या बायकांना सांगितले की यंदा चतुर्थीच्या दूर्वा हव्या असतील तर तण आजपासून आगाऊ काढा. रोज दुपारी तीन वाजता बायका खुरपी घेऊन बसू लागल्या. पंधरा दिवसांचे काम नवव्या दिवशी संपले. माझे गणित का चुकले याचा मी नंतर विचार केला. एक बाई एकवीस तण काढून उठेल असे मी धरले होते. समोरासमोर बसून बोलायला लागल्यावर बाई एकवीसवर थांबत नाही, हे मी धरलेच नव्हते. त्या नऊ दिवसांत चौतीस घरांत घोळीची भाजी झाली आणि कॉलनीतल्या एकूण एक सुनेची बातमी मला कळली.

साहेब यायच्या दिवशी सकाळच्या गाडीने आबा उतरले. आक्काने हौसेने पत्र घातले होते. डोक्यावर गुळाची ढेप घेऊन ते फाटकात आले आणि थांबले. समोर सहाशे ब्याऐंशी चौरस फूट हराळी होती, जुन्या भागात दाट, नव्या भागात थोडी विरळ, पण सगळी हिरवी.

"आरं!" आबा म्हणाले. "ही तर परत आली! म्हंजी माझं काम कच्चं ऱ्हायलं."

दाजींचा चेहरा पडला. त्यांनी तोंड उघडले, तेवढ्यात दाराशी टॅक्सी थांबली.

साहेब उंच होते, काळा चष्मा लावलेले. सोबतच्या माणसाने हात धरून त्यांना उतरवले. दाजींनी खाडकन सॅल्यूट ठोकला. साहेबांनी आवाजाच्या दिशेने हात कपाळाला नेला, आणि तेव्हा आम्हाला कळले.

"सुभेदार, हिरवं काहीतरी आहे एवढं समजतंय," साहेब म्हणाले. "नवा चष्मा महिन्याने. तोपर्यंत सगळं धुकं."

सहा वर्षे, तीन हजार सातशे बासष्ट पेरे आणि दहा हजारांवर तण. दाजी ताठ उभे होते, पण त्यांचा सॅल्यूटचा हात खाली यायला वेळ लागला. साहेबांना ते कसे जाणवले कुणास ठाऊक. ते ओट्याच्या कडेला बसले आणि बुटाची नाडी शोधू लागले. "डोळ्यांचं ऑपरेशन झालंय," ते म्हणाले, "पायांचं नाही."

अनवाणी पायांनी साहेब लॉनवर उतरले. जुन्या भागातून हळूहळू चालत गेले आणि मधेच थांबले. अंगठ्याने चाचपले. "इथे कुणीतरी आहे." दाजी गुडघ्यावर बसले. करंगळीएवढा लव्हाळा होता. आदल्या संध्याकाळी मी सगळे लॉन फूट फूट तपासून शून्य लिहिले होते. "बरोबर साहेब," दाजी म्हणाले, आणि इतके आनंदाने म्हणाले की जणू त्यांना पदक मिळाले. साहेब पुढे नव्या भागात गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. "हा भाग त्याहून मऊ आहे. आणि इथे काही सापडत नाही. खाली काय केलंस?"

दाजींनी एकवार आबांकडे पाहिले. "खणलंय साहेब. माझ्या थोरल्या भावानं. कुदळीनं, एकट्यानं, एका दिसात. लव्हाळ्याची समदी छावणी उठवली. मला सहा वर्सांत जमलं न्हवतं."

"कुठे आहेत ते?"

आबा पुढे गेले. साहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग चहा आला, लॉनवरच, पहिल्या आधणाचा.

सगळे चहा पीत असताना आबा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगा पावनं. ही हराळी त्यानं मुद्दाम लावलीया?"

"होय."

"आदी बी?"

"होय."

"आन मी ती उपटली."

"होय आबा."

"मला बोलला न्हाई त्यो."

"नाही."

आबांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरावे तसे जपून, एकेक पाऊल टाकत ते हराळीवर गेले. मधोमध उभे राहिले. "लय मऊ हाय गड्या," ते कुणालाच उद्देशून नाही असे म्हणाले.

पुढे दोन वर्षांनी आबा आजारी पडले तेव्हा दाजी आणि आक्का सांगलीचे घर भाड्याने देऊन गावी गेले आणि आबा गेल्यावरही तिथेच राहिले. भाडेकऱ्याने लॉनवर फरशी घातली. गेल्या भाद्रपदात चतुर्थीच्या आधी मी कोरेगावकडे गेलो होतो. बायकोने बजावले होते, दाजींकडून दूर्वा आणा. विहिरीच्या बाजूला, चहूबाजूंनी ऊस आणि मधे सहा फूट बाय चार फूट असा चोवीस चौरस फुटांचा हिरवा तुकडा होता. दाजी खुरपे घेऊन त्याच्या कडेला बसले होते.

"आबानं ठिवलीय," ते म्हणाले. "मी यायच्या आदीच. जन्मभर हराळीच्या मागं लागल्याला माणूस. जाताना मला म्हणाला, समदं नांगर, पर ह्यो कोपरा नगं."

मी चपला काढल्या आणि खाली बसलो. नियम मला ठाऊक होता. पण दाजींच्या हाताखालची जमीन ती, सगळा तुकडा चाचपून मला सतराच तण मिळाले. एकवीस दूर्वा दाजींनी स्वतः निवडून, जुडी बांधून माझ्या हातात दिल्या.

"चार बाकी हाईत मोजणीवाले," ते म्हणाले. "पुन्यांदा याल तवा काढा."

त्यानंतर माझे जाणे झालेले नाही. चार अजून बाकी आहेत.